टाकीच्या झाकणावरचं कुंकू

हत्यारं माणसांची वाट न पाहता कामाला लागत, त्या काळी एका गॅरेजात जुनी पिकअप होती. खंडेनवमीला तिची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ती दोन मैल चालून बंद पडू लागली. "शनिवारपर्यंत नीट झाली नाही, तर भंगारात देईन," मालकाने बजावलं.

"कार्बोरेटर!" सगळ्यांत थोरला पाना म्हणाला. त्याने कार्बोरेटर उघडून धुतला. पिकअप पुन्हा बंद पडली. मग त्याने पेट्रोल ओढणारा पंप खोलला.

"आजोबा, टाकीचं झाकण काढलं की ती चालते," बारीक तार म्हणाली. "झाकणाचं हवेचं भोक तर बुजलं नाही ना?"

"तू कालची पोर! हिचे बोल्ट मी आवळलेत."

शुक्रवारी पिकअप कळवळली, "पानेबुवा, आता दुखतंय हो."

तारेने परवानगी मागितली नाही. तिने सरळ झाकणात टोक घातलं. वाळलेलं कुंकू खाली पडलं आणि पिकअप न थांबता वीस मैल फिरून आली.

थोरल्याचा मान म्हणून झाकणाला ओलं कुंकू पान्यानेच थापलं होतं.

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती," तो पुटपुटला.

"मग बोलला का नाहीत?" तारेने विचारलं.

"माझाच हात होता ना."

"आणि ती भंगारात गेली असती तर?"

पुढच्या खंडेनवमीला कुंकवाचं ताट आधी पान्यापुढे आलं. तो मागे सरकला. "आधी तारेला विचारा," तो म्हणाला, "कुठे लावायचं नाही ते."