माळ रिकामा नाही

माळाला लागून वसलेल्या एका बाजारगावात कुंदा पतंगे नावाची शिंपीण राहत होती. गावातल्या तिन्ही शाळांचे गणवेश तीच शिवायची. मार्च सरला की तिच्या दुकानात निळ्या आणि खाकी कापडाचे तागे येऊन पडायचे. मग जूनपर्यंत तीच कॉलर, तोच खिसा, तीच काजं. तिची शिलाई इतकी पक्की, की थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा चुलतभावाला जायचा.

पण त्या वर्षी काहीतरी बिनसलं. मशीनवर बसली की कुंदाला जांभया यायच्या. मापं द्यायला आलेल्या मुलांवर ती विनाकारण खेकसायची. एकदा तर तिनं एकाच सदऱ्याला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. ते पाहून ती स्वतःच घाबरली आणि डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, "आजार काही नाही. रोज उजाडताना तासभर चालून या. आणि चालताना कापडाचा विचार करू नका."

"मग कशाचा करू?"

"ते तुम्हीच शोधा," डॉक्टर हसून म्हणाले.

चालायला मोकळी जागा म्हणजे एक माळच. कुंदाच्या मुलीनं नवा कॅमेरा घेतला, तेव्हा जुना आईपाशी ठेवला होता. तो गळ्यात अडकवून कुंदा निघाली. माळावर पोचली आणि खट्टू झाली. जिकडे तिकडे पिवळं गवत, दगड आणि बोरीची झुडपं. तिथं सिदूबाबा नावाचा म्हातारा धनगर मेंढरं चारत होता.

"बाबा, इथं फोटो काढण्यासारखं आहे तरी काय?" कुंदानं विचारलं.

"हुभं राहून न्हाई दिसायचं, पोरी. बस जरा."

कुंदा एका दगडावर बसली. थोड्या वेळानं चार पावलांवरचं गवत हललं. मातीच्या रंगाचा एक चंडोल त्यातून निघाला आणि गात गात सरळ वर चढत गेला. कुंदानं घाईनं कॅमेरा उचलला, पण फोटोत आलं नुसतं आभाळ. दुसऱ्या दिवशी आली नुसती शेपटी. तिसऱ्या दिवशी पक्षी गेला आणि फोटोत आलं सिदूबाबाचं मेंढरू. तो फोटो पाहून कुंदा खळखळून हसली. असं हसून तिला किती दिवस झाले होते! त्या दुपारी मशीन चालवताना ती गुणगुणत होती. शेजारच्या फोटो स्टुडिओतला जयवंत मुद्दाम बाहेर येऊन ते ऐकत उभा राहिला.

मग कुंदा रोज जाऊ लागली. टिटवी अंड्यांपासून माणसाला लांब नेण्यासाठी कशी ओरडत सुटते, घोरपड ऊन खायला कोणत्या दगडावर येते, सगळं तिला कळू लागलं. तिचे फोटो सुधारले आणि शिलाईही सुधारली. सकाळी तासभर माळावर घालवूनही दिवसाला चार सदरे जास्तच व्हायचे.

एके दिवशी सिदूबाबानं तिला एका उंचवट्याखालचं बीळ लांबूनच दाखवलं. "खोकडीचं घर हाय. आत पिल्लं हायत. म्या परवा बघितली. पर जवळ जाऊ नको." कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं असलेली खोकड कुंदाला दोनदा दिसली. पिल्लं मात्र दिसली नाहीत.

अशातच गावात बातमी आली. एक मेच्या ग्रामसभेत एक ठराव येणार होता. गावाचा सगळा कचरा यापुढे माळावर टाकायचा, असा. कुंदा हातातलं काम टाकून पंचायतीत गेली. सरपंच दौलतराव माणूस वाईट नव्हता. रस्त्याकडेचे कचऱ्याचे ढीग त्यालाही नकोसे झाले होते.

"ओढ्यापलीकडची जुनी दगडखाण आहे, पण ती लांब पडते, ताई," तो म्हणाला. "माळ जवळ आहे आणि रिकामा आहे."

"रिकामा नाही. तिथं खोकडीची पिल्लं आहेत."

बसलेली चार माणसं हसली. दौलतरावानं विचारलं, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत?"

कुंदाला खोटं बोलता येईना. "नाही. अजून नाही."

"मग सभेत फोटो दाखवा. पिल्लं दिसली, तर ठराव मी स्वतः मागं घेतो."

हाताशी चार दिवस होते. कुंदा सकाळ-संध्याकाळ माळावर जाऊ लागली. पण आता ती सारखी घड्याळ पाहायची. दात आवळून बिळाकडे टक लावायची, चुळबुळत पुढं पुढं सरकायची. चंडोल डोक्यावर गात होता, पण तिला तो ऐकूही आला नाही. खोकड काही बाहेर पडेना. तीन दिवस असेच गेले.

चौथ्या दिवशी दुपार कलल्यावर जयवंत तिच्या मदतीला आला. येताना त्यानं काडेपेटी आणली होती.

"कुंदाताई, बिळाच्या तोंडाशी थोडा धूर करू. एका मिनिटात पिल्लं बाहेर येतील. माळ वाचवायचाय ना? चांगल्या कामासाठीच आहे."

कुंदानं क्षणभर विचार केला आणि वाळलं गवत गोळा केलं. दोघं बिळापाशी गेली. ती खाली वाकली, तेवढ्यात आतून कुईकुई असा बारीक आवाज आला. तिचा हात तिथंच थांबला.

"नको," ती म्हणाली. "सभेत मी काय सांगणार? इथं यांचं घर आहे, आणि त्यात धूर मीच कोंडला?"

"मग माळ गेला म्हणून समजा."

"गेला तर गेला. पण माझ्या हातानं नाही."

तिनं काडेपेटी जयवंतला परत दिली आणि गवत उधळून टाकलं. दोघं मागं हटून एका बोरीआड बसली. कुंदानं मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकलं. ही माळावरची शेवटचीच संध्याकाळ असेल, तर ती डोळे भरून पाहू, असं तिनं ठरवलं. वारा गवतावरून सरकत होता. लांबवर टिटवी ओरडली. डोक्यावर चंडोल गात होता, आणि आज तो तिला पुन्हा ऐकू आला. चार दिवस आखडलेले तिचे खांदे हळूहळू सैल झाले. सभा, ठराव, सरपंच, सगळ्याचा तिला विसर पडला.

सूर्य मावळतीला टेकला आणि खोकड बिळातून बाहेर आली. तिनं हवेत नाक फिरवलं आणि निवांत बसली. मग बिळाच्या तोंडाशी दोन कान दिसले. एक पिल्लू आलं, दुसरं आलं, तिसरं आणि चौथं एकमेकांवर पडत आली. एकानं आईची शेपटी ओढली आणि स्वतःच कोलांटी खाल्ली. कुंदानं आधी नुसत्या डोळ्यांनी पोटभर पाहिलं. मग कॅमेरा उचलला.

दुसऱ्या दिवशी सभेत जयवंतनं छापून आणलेला मोठा फोटो भिंतीवर लागला. मग पुढं बसलेली एक आजी ओरडली, "अगो बाई, चार आहेत की!" आणि सगळा गाव भिंतीपाशी लोटला. दौलतरावानं चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"चाळीस वर्षं मी या माळावरून जातोय. मला एकदाही दिसली नाहीत."

"तुम्ही जाता मोटारसायकलवरून," कुंदा म्हणाली.

सभा हसली. दौलतराव सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्यानं ठरावाचा कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडला. "कचरा खाणीत जाईल. माळाला हात लागणार नाही. कबूल असेल त्यांनी हात वर करा!"

एकही हात खाली राहिला नाही. बायकांनी कुंदाला मिठ्या मारल्या. जयवंत तर एका अनोळखी म्हाताऱ्याच्याच गळ्यात पडला. एवढ्यात जन्मात कधी सभेला न आलेला सिदूबाबा दारातून पुढं झाला. त्यानं कमरेची पिशवी सोडली, मूठभर भंडारा उधळला आणि आरोळी दिली, "येळकोट येळकोट!" साऱ्या गावानं ती झेलली. सरपंच, जयवंत, आजी, सगळे पिवळेधमक झाले, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध कुंदा हसत उभी होती.

तात्पर्य: रोजच्या कामानं थकलेलं मन निसर्गाजवळ पुन्हा ताजं होतं, पण निसर्गाचं दर्शन ओरबाडून मिळत नाही, जो घाई बाजूला ठेवून मायेनं वाट पाहतो त्यालाच ते भरभरून मिळतं.