गाडी बंद करण्याआधी

“...आणि तरीबी पोरगी दडती. आता आणखी काय करू, बुवा?”

गिरधरबुवांनी सुपातली पावट्याची शेंग उचलली, सोलली, दाणे पातेल्यात टाकले.

“कोण दडती?”

“जुई. माझी पोरगी. पहिल्यापास्नं सांगू का?”

“सांग.”

धैर्यशील पायरीवर टेकला. मठाच्या टेकडीखाली, तालुक्याच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. मोटारसायकलचा कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा दणदणीत बसवून घ्यायचा असला, की आसपासची पोरं त्याच्याकडेच येत. त्याची स्वतःची गाडी तर वेशीवर आली तरी घरातल्या मांडणीवरच्या भांड्यांना कळायचं. याचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान लपवायचा त्याचा स्वभाव नव्हता.

बुवा मठात येण्याआधी एसटीवर ड्रायव्हर होते. त्यामुळे लोक गाड्यांची गाऱ्हाणीही त्यांच्याकडे आणत, आणि बुवा त्यांना सरळ मेकॅनिककडे पिटाळत. आज मेकॅनिकच आला होता. मी मठात स्वयंपाकाला असतो. मला शेंगांपेक्षा ही गंमत जास्त होती, म्हणून हात चालू ठेवून कान तिकडे दिले.

पण गोष्ट गमतीची नव्हती.

“दुसऱ्यांची पोरं बापाची गाडी ऐकली की दारात पळत येत्यात,” धैर्यशील म्हणाला. “माझी आत पळती. पिठाच्या डब्यामागं जाऊन बसती. कानावर हात, डोळे मिटून.”

बुवांनी पुढची शेंग सोलली.

“मला कळलं, आवाज. म्हणलं, आपलंच काम हाय, आपणच निस्तरू. आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबली सायलेन्सरात.”

“मग?”

“गाडीचा दम कोंडला. चढच चढंना. काढली घासणी. मग सगळा सायलेन्सर खोलला. आत जाळीची नळी असती, तिच्याभोवती नवी काचेची लोकर गुंडाळली. तोंडाला अरुंद तुकडा बसवला. लई नाजूक काम हाय ते, बुवा. आवाज कोंडायचा न्हाई, त्याला आतल्या आत विरघळू द्यायचा. जिल्ह्यात कुणी एवढं नीट करत नसंल.”

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप निघालं. दुःखातही माणूस आपल्या दुकानाची पाटी उतरवत नाही.

“मग आवाज कमी झाला?”

“निम्म्याच्या खाली! मोबाइलवर मोजला. चौकात पोलीस एकेकाचा सायलेन्सर उतरवून घेत हुते, त्यांनीबी मला हात केला, जा म्हणून.”

“आणि पोरगी?”

“दडती.”

सुपातल्या शेंगा संपत आल्या होत्या. बुवांनी मला खुणेनं आणखी घालायला सांगितलं.

“कान दाखवलं डॉक्टरला. कान चांगलं हायेत. आईनं दृष्ट काढली. गाडीला लिंबू बांधलं. बुवा, ती मिक्सरला भीत न्हाई. कुकरच्या शिट्टीला हसती. गणपतीत ताशापुढं नाचली. फटाक्यालाबी न्हाई भ्याली. फक्त...”

एवढा रुंद खांद्यांचा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला.

“फक्त मला भिती.”

...

“दडल्यावर तू काय करतोस?” बुवांनी विचारलं.

“शोधतो. हाका मारतो. मग डब्यामागनं ओढून काढतो बाहेर.”

“कशाला?”

“लाड करायला!”

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी होतं.

“गाडी कुठाय?” बुवा म्हणाले.

“खाली, चढाच्या पायथ्याला लावलीय. म्हणलं, मठात कशाला आवाज.”

“वर आण.”

“वर?”

“घरी जसा येतोस, तसा ये. हे तुझं घर. ही पायरी तुझा उंबरा.”

तो गेला. थोड्या वेळानं गाडी वर येऊ लागली. खरं ते सांगितलं पाहिजे, काम त्यानं नीट केलं होतं. चढ चढतानाही गाडी घुमत होती, पण भुंकत नव्हती. वळण घेऊन ती अंगणात आली आणि अलगद पायरीपाशी थांबली.

आणि मग... भ्रांव! भ्रांव!

मठातल्या कोंबड्या पंख फडफडवत गोठ्याच्या पत्र्यावर गेल्या. माझ्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. तोवर गाडी बंदही झाली होती.

धैर्यशील हसऱ्या चेहऱ्यानं उतरला. “बघा! हाय का आवाज?”

“हे शेवटचं काय हुतं?” बुवा म्हणाले.

“कुठलं?”

“थांबल्यावरचं.”

“थांबल्यावर मी कुठं काय केलं? गाडी बंद केली.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोंबड्यांकडे पाहिलं.

“पुन्हा ये,” बुवा म्हणाले.

तो पुन्हा खाली गेला, पुन्हा आला. तीच घुमणारी चाल, तेच अलगद थांबणं. भ्रांव! भ्रांव! आणि गाडी बंद. कोंबड्या आता खाली उतरायचं नावच काढत नव्हत्या.

“आता कोण वरडलं?”

“गाडी.”

“गाडी तर थांबली हुती.”

धैर्यशीलचा चेहरा लाल झाला. “बुवा, रागावू नका. पण गाड्यांतलं मला कळतं. गाडीत दोष असता तर मला पहिला कळला असता.”

“गाडीत दोष हाय, असं म्हणलो का मी?”

“मग?”

बुवा उठले. धोतराचा काष्टा घट्ट केला, आणि मठात आल्यापासून बैलगाडीपलीकडे कशात न बसलेला हा माणूस धैर्यशीलच्या मागे सीटवर चढून बसला.

“चल. तुझ्या घरी जाऊ.”

दोघं उतारावरून खाली दिसेनासे झाले. मी सुपाशी एकटाच. वाटलं, म्हाताऱ्याला पाडलं तर याला मठाच्या आसपास फिरकू देणार नाही.

परत आले ते सावकाश. बुवांची शेंडी वाऱ्यानं उभी राहिली होती आणि चेहरा खुशीत होता. गाडी पायरीपाशी थांबली.

त्याच क्षणी बुवांनी मागून हात पुढे काढला आणि धैर्यशीलच्या उजव्या मनगटावर ठेवला.

आवाज झाला नाही.

पण मी समोरच होतो, मला दिसलं. बुवांच्या पंजाखाली त्याचं मनगट उसळलं. मुठीत धरलेलं कोंबडीचं पिल्लू उसळतं तसं. एकदा. मग आणखी एकदा.

बुवांनी हात काढला नाही.

इंजिन जागच्या जागी हळूहळू टुकटुकत राहिलं. कोंबड्या माना वाकड्या करून बघू लागल्या.

धैर्यशील स्वतःच्या हाताकडे पाहत होता. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या हँडलवर सापडावा, तसा.

“हे... हे रोज हुतं?”

“हात तुझा हाय. मला काय इचारतोस?”

...

त्यानं गाडी बंद केली. नुसती बंद केली.

“आमच्या उस्तादांनी शिकवलं हुतं,” तो शेवटी म्हणाला. “जुन्या गाड्यांना बंद करताना मूठ पिळून रेस द्यायची. दुसऱ्या दिवशी लगेच सुरू व्हायच्या म्हणायचे.”

“आणि हिला?”

“हिला काय गरज न्हाई. बटन दाबलं की सुरू हुती.”

“मग?”

“मग... सवय.”

“सवय कशाची?”

त्याच्या तोंडावर नाना रंग येऊन गेले. मला वाटलं आता चिडेल आणि निघून जाईल. अशी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. चढ उतरताना ती मठाला शिव्या देतात.

पण तो चिडला नाही.

“कळावं म्हणून,” तो म्हणाला.

“काय?”

“मी आलो, ते.”

“कुणाला कळावं?”

“गल्लीला. मग घरात. बायकोला, प्राचीला... जुईला.”

“जुईला कळतं?”

“हो.”

“मग ती काय करती?”

त्याच्या घरची गाडी लावायची पडवी पत्र्याची, घराच्या खिडकीला लागून. आत एवढीशी पोर. आवाज कमी केलेल्या गाडीवरून बाप रोज दाराशी येत होता, आणि दाराशी येऊन रोज तिच्या कानाशी ओरडत होता. वर तिला ओढून बाहेर काढत होता, मायेनं.

हे सगळं त्याला एकदम दिसलं असावं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“बुवा, आता हे न्हाई करणार. हात तोडून टाकीन पण न्हाई करणार.”

“हात राहू दे. गाडी कशानं चालवशील?”

“पण ती येईल का भाईर? एवढे दिवस भ्यालीय. मी मुकाट्यानं आलो, तरी तिला ठावं हाय, कोण आलंय ते. दडंलच. मग शोधू का नको?”

“नको.”

“मग ती सापडंल कशी?”

बुवा सुपाशी येऊन बसले. एक शेंग उचलली.

“आता तू दड,” ते म्हणाले.

“मी?”

बुवांनी शेंग सोलली. त्यांचं बोलणं संपलं होतं. धैर्यशील पाया पडला, आणि चढ उतरेपर्यंत गाडी ढकलत घेऊन गेला. तशी गरज नव्हती, पण मी त्याला अडवलं नाही.

*

पुढे बरेच दिवस त्याची काही खबर नव्हती. खोटं कशाला बोलू, मला रुखरुख लागून राहिली होती. पावट्यांचा हंगाम सरला, शेवग्याच्या शेंगा सुरू झाल्या. बुवांनी एकदाही त्याचं नाव काढलं नाही.

एके दिवशी सकाळी मी अंगण झाडत होतो. पाठीमागे काहीतरी असल्यासारखं वाटलं म्हणून वळलो, तर पायरीपाशी मोटारसायकल उभी. कधी आली, कधी बंद झाली, पत्ता नाही. कोंबड्या तिच्या चाकापाशी दाणे टिपत होत्या.

गाडीवर धैर्यशील. मागे त्याची बायको प्राची. आणि पुढे, टाकीवर, ओढणीनं बापाच्या पोटाशी बांधलेली एक पोर. तोंड बापाच्या शर्टात.

माझ्या काळजावरचा धोंडा उतरला. सांगतो, त्या दिवशी मला देवाला फूल वाहतानाही एवढं बरं वाटलं नाही.

“बुवा!” धैर्यशीलनं गाडीवरूनच हाक दिली. “बुवा, सापडलो!”

बुवा आतून आले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

“तुम्ही म्हणलात तसंच केलं. गाडी गुपचूप लावायची आणि पडवीत रिकाम्या पिंपामागं जाऊन बसायचं. पहिल्यांदा कायच हुईना. शेजारी म्हणायला लागले, हा बायकोशी भांडला का काय! मी बसून. पाय दुखायचे. मग एक दिवस दार कुरकुरलं. मी श्वास धरला. बारकी पावलं आली, थांबली, परत गेली. दुसऱ्या दिवशी आणखी जवळ. आणि मग बुवा, एक दिवस पिंपाच्या कडेनं नाक दिसलं. म्हणली, ‘सापलला!’”

थांबेल तर तो धैर्यशील कसला.

“रडलो बुवा! सांगायला लाज न्हाई! तिथंच पिंपामागं बसून रडलो, आणि ती माझं डोळं पुसत हुती. आता रोज शोधती. आज म्हणली, मला गाडीवर ने. ह्या गाडीवर!”

प्राची मागून त्याच्या शर्टाला हिसके देत होती. त्याचं लक्ष नव्हतं.

“आता गिऱ्हाइकालाबी सांगतो. नुसता सायलेन्सर खोलून भागत न्हाई म्हणावं! बंद करायच्या आधीचं मनगट बघा! गॅरेजवर मोठी पाटीच लावणार हाय, बुवा, लाल अक्षरात, चौकातनं दिसंल अशी!” त्याचा आवाज चढत चढत मठाच्या कळसापर्यंत गेला. “मला कळलं बुवा! आवाज पायपात नसतोच! आवाज हितं असतो, हितं, माणसाच्या—”

त्यानं छातीवर थाप मारायला हात उचलला.

बुवा पायरी उतरून जवळ आले. तो उचललेला हात त्यांनी हवेतच धरला.

“हळू,” ते म्हणाले. “पोर निजलीय.”