पालथ्या नळीतला उदजन

एकदा एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक आपल्या वृद्ध गुरूंकडे मुलाची तक्रार घेऊन गेला. तक्रार घेऊन येणाऱ्या बापांचा निवाडा बहुधा घरूनच झालेला असतो. गुरूंनी त्यावर फक्त शिक्का मारायचा असतो. हाही त्याच तयारीनं आला होता.

मुलाचं नाव सुमेध. गेल्या आठवड्यात तो घर सोडून एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला होता. आज संध्याकाळी उरलेले कपडे न्यायला येणार होता, आणि त्यानंतर पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही, असं त्यानं आईला फोनवर सांगितलं होतं. ती माउली तेव्हापासून नीट जेवली नव्हती.

"सर, तुम्ही चला माझ्याबरोबर," प्राध्यापक म्हणाला. "तुमचं तरी ऐकेल. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इंजिनिअरिंगला घातला, सोडलं. कॉमर्सला घातला, तेही सोडलं. दिवसभर खोलीत बसून असायचा. विचारलं तर उत्तर नाही. या पोराला बसवायचं कुठं, हेच मला कळत नाही. शेवटी म्हणालो, या घरात राहायचं तर सरळ हो. तर हा उठून चालू लागला."

गुरूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हायड्रोजनला कुठं बसवतोस?"

प्रश्न भलताच होता, पण वर्षानुवर्षांची सवय; उत्तर आपोआप आलं. "मूलद्रव्यांच्या तक्त्यात, पहिल्या गणात. लिथियमच्या वर. बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो म्हणून."

"मग खालच्या सगळ्यांसारखा धातू आहे का तो?"

"नाही. वायू आहे."

"मग चुकीच्या घरात बसवलास."

"तसं पाहिलं तर कक्षा पूर्ण व्हायला एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो, म्हणून फ्लोरिन-क्लोरिनच्या वरही बसवता येतो. पण तिथंही तो पुरता जुळत नाही. काही जण तक्त्यात त्याला वेगळाच, सगळ्यांच्या वर ठेवतात. सर, हा प्रश्न आम्ही परीक्षेत विचारतो."

"एखाद्या मुलानं लिहिलं की याची जागा निश्चित सांगता येत नाही, तर गुण देतोस?"

"पूर्ण देतो. तेच बरोबर उत्तर आहे."

"अस्सं," गुरू म्हणाले आणि उठले.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरातल्या एका फळीवरचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. सूनबाई त्या फळीला मामंजींचं देवघर म्हणत. तिथून त्यांनी एक काचेची बाटली काढली, तीत जस्ताचे तुकडे टाकले, वर विरल आम्ल ओतलं. तुकड्यांभोवती बुडबुडे उसळू लागले. बुचातून वर निघालेल्या नळीवर त्यांनी एक कोरडी परीक्षानळी पालथी धरली. ती भरली, तशी दुसरी भरली. एक नळी पालथीच शिष्याच्या हाती दिली. दुसरी मात्र तोंड वर करून स्टँडमध्ये ठेवली, नीट, अगदी सरळ. मग चहाचं आधण चढवलं.

"आता काडी ओढ. आधी सरळ नळीला लाव."

प्राध्यापकानं लावली. काडी मुकाट जळत राहिली. नळीत नुसती हवा होती.

"आता त्या पालथीला."

फट्! असा आवाज त्यानं शेकडो वेळा वर्गात काढून दाखवला असेल, पण आज तो दचकला. नळीच्या आत बारीक ओल धरली होती.

गुरू म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणालास ना? पाण्यापुरतं ते खरं आहे. पण जुन्या पुस्तकांत आम्ही या हायड्रोजनला उदजन म्हणायचो. उदक म्हणजे पाणी, त्याला जन्म देणारा. ही बघ ओल, आत्ताच जन्मली. आणि पाण्याला जन्म देणारा हा पाण्याच्या रीतीनं भांड्यात राहत नाही. सगळ्यांत हलका. त्याला ठेवायचं तर भांडं पालथंच धरावं लागतं. घरी तू भांडं सरळ केलंस. याला रंग नाही, वास नाही, निघून गेला तरी आवाज नाही. आणि मग तू म्हणतोस, यात काही नव्हतंच."

प्राध्यापकाचा चेहरा उतरला. पाठ्यपुस्तकातलं एकही वाक्य त्याला नवीन नव्हतं, आणि तेच त्याला फार लागलं. "मग आता काय करू, सर?"

"एवढी मोठी पृथ्वी. डोंगर धरते, समुद्र धरते. पण मोकळा उदजन तिलाही धरता येत नाही. वर गेला तो गेला. विश्वात त्याची वाण नाही, सूर्यसुद्धा त्याच्यावरच जळतो. म्हणजे तुझ्या मुलाला कुठंतरी जागा मिळेल. तुझ्या घरात मिळेल असं मी सांगू शकत नाही."

"काहीच उपाय नाही?"

"मला ठाऊक नाही. ठाऊक असता तर आधी तोच सांगितला असता." गुरूंनी चहाचा कप पुढे केला. "मी येत नाही. तिथं आणखी एका उपदेशाची गरज नाही. तू जा, आणि लवकर जा."

चहा तसाच ठेवून तो निघाला.

घरी पोचला तेव्हा सुमेध बॅगेत कपडे भरत होता. बाप दाराशी उभा राहिला. तो म्हणाला, "राहा. आहेस तसा राहा. कुठं बसवायचं, ते मी पुन्हा नाही विचारणार."

सुमेधचे हात थांबले. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बापाला जरा बरं वाटलं असतं. "बाबा, हे मागच्या वर्षी म्हणायला हवं होतं," तो हळू म्हणाला. "तेव्हा मी वाट बघत होतो."

त्यानं बॅग बंद केली. आईच्या पाया पडला, बापाच्याही पडला. मग चपला घालून म्हणाला, "जातो."

"जातो म्हणू नये रे," आई रडत म्हणाली. "येतो म्हण."

तो जिना उतरून गेला. आईनं बापाकडे पाहिलं, की यानं तरी त्याला हाक मारून नीट म्हणायला लावावं. मुलाचं बोलणं, लिहिणं, बसणं, उठणं आजवर दुरुस्त करत आलेला तो माणूस या वेळी गप्प राहिला. मुलाचं वाक्य बरोबर होतं.