शब्दाला जामीन

पूर्वी शोणवती नगरीत इंद्रवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्मला होता आणि त्याचे नाव सुविद होते. डोंगरातल्या लोकांची बोली त्याला येत असे, म्हणून तिकडे काही बोलणे असले की राजा त्यालाच पाठवी.

एका वर्षी नगरीची नदी आटली. डोंगरच्या लोकांनी वरच्या अंगाला बांध घालून पाणी अडवले होते. आदल्या वर्षी राजाने मैत्रीच्या नावाखाली त्यांची माणसे हत्ती धरायला बोलावली आणि मग परत सोडलीच नाहीत, याचा तो राग होता.

राजाने चारुभाष नावाच्या दुसऱ्या अमात्याकडून संदेश रचून घेतला. चारुभाष बोलू लागला की ऐकणाऱ्यांच्या माना डोलत. त्याने मैत्रीला चंदन म्हटले, पौर्णिमेचा चंद्र म्हटले. दरबार वाहवा करीत होता. सुविदाने मात्र विचारले, "महाराज, त्यांची माणसे कधी सोडायची?"

"ते मागाहून पाहू," राजा म्हणाला. "तू एवढे सांगून ये."

सुविद काही सोबत्यांना घेऊन डोंगरात गेला. तेथे तमाली नावाची म्हातारी त्या लोकांची मुख्य होती. तिचा मुलगाही अडकलेल्यांत होता. सुविद संदेश सांगू लागला, तोच तिने हात वर केला.

"चंद्र पुरे झाला. गेल्या वर्षीही चंद्रच आला होता. आमच्या बोलीत मैत्रीला वेगळा शब्द नाही. दुसऱ्याच्या घरी लेकरू ठेवून निर्धास्त झोपणे, असे आम्ही म्हणतो. तुझा राजा हेच म्हणतो आहे काय?"

वाटेत कोरड्या पात्रात माना टाकून पडलेली गुरे सुविदाने पाहिली होती. एक 'होय' म्हटले की पाणी सुटणार होते. पण ते 'होय' पोकळ निघाले, तर पुढे या डोंगरात नगरीच्या कोणत्याच शब्दाला किंमत राहणार नव्हती. त्याचे मन डळमळले नाही.

"नाही, आई," तो म्हणाला. "राजा अजून तसे म्हणत नाही. पण म्हणेल. माझे सोबती परत जातील आणि मी येथे राहीन. तुमची माणसे आली नाहीत, तर माझे काय करायचे ते तुम्ही ठरवा. पाणी मात्र आजच सोडा. तहानलेल्यांनी तुमच्यापैकी कोणालाही धरून नेलेले नाही."

"आणि राजाने तुला येथेच टाकले तर?"

"मी त्याला लहानपणापासून ओळखतो. तो आळशी आहे, दुष्ट नाही."

तमालीला हसू आले. तिने बांध अर्धा फोडायला सांगितले.

इकडे नदीला पाणी आले आणि सोबत्यांनी घडले ते दरबारात सांगितले. चारुभाष उठून म्हणाला, "धन्य तो सुविद! पाणी तर मिळाले. आता त्याच्या त्यागावर मी असे स्तोत्र रचतो की ऐकून पाषाणाला पाझर फुटेल."

राजाने विचारले, "ते ऐकून सुविद घरी येईल काय?"

उत्तराची वाट न पाहता राजा तसाच उठला आणि अडकलेल्या माणसांना घेऊन स्वतः डोंगरात गेला. तमालीसमोर उभा राहिल्यावर त्याला चंदन आठवले नाही की चंद्र आठवला नाही. "तुमची माणसे आणली आहेत," तो खाली पाहत म्हणाला. "चूक माझी होती." मग सुविदाकडे वळून म्हणाला, "हे त्यांच्या बोलीत सांग."

"सांगायला नको, महाराज," सुविद म्हणाला. "त्यांना कळले."

तमाली मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभी होती. उरलेला बांध फोडायला तिची माणसे केव्हाच धावली होती.

ही कथा एवढी सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर बसलेल्या भिक्षूंना त्या जन्माची ओळख पटवून दिली. "गोड गळ्याने गाथा म्हणणारा, पण आजारी सोबत्याला घोटभर पाणी न देणारा तुमच्यातला हा भिक्षू त्या वेळी चारुभाष होता. उशिरा पण मनापासून संघात आलेला तिष्य हा राजा इंद्रवर्मा होता. वेशीजवळ आपल्याला रोज भिक्षा घालणारी वृद्ध उपासिका ही तमाली, आणि सुविद मी होतो. आपला शब्द पोकळ राहू नये म्हणून त्याच्यामागे स्वतः उभे राहणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."