भिंतीतला भुसा

जुन्या काळची गोष्ट. तेव्हा बातमी जहाजातून यायची, बंदरात उतरून बैलांच्या पाठीवर चढायची आणि डोंगरातल्या राज्यात पोचेपर्यंत दोन वर्षांची जुनी झालेली असायची. अशाच एका डोंगरी राज्यात एक म्हातारे गुरुजी राहत होते.

गुरुजींनी फार वाचले होते. समुद्रापलीकडच्या देशांचे इतिहास त्यांना तोंडपाठ होते. पण अंगणातल्या चिंचेला यंदा चिंचा धरतील का, असे कोणी विचारले, तर ते म्हणत, "धरतीलही. पण न धरण्याचीही कारणे आहेत." लोक हसत, तरी त्यांना मानत. एवढे वाचलेला माणूस खोटे बोलणार नाही, असा सगळ्यांचा विश्वास होता.

त्या राज्यात सलग तीन वर्षे दुष्काळ पडला. झरे आटले. लोकांनी गुरे रानात सोडून दिली आणि कडू कंद उकडून खाल्ले. शेवटी राजाने ठरवले की दरीच्या तोंडाशी भक्कम भिंत बांधायची आणि पाणी अडवायचे. काम प्रधानाकडे दिले. भिंतीसाठी प्रत्येक घराने आपल्या ओट्याचे घडीव दगड उपसून दिले. उपाशी पोटी बायकांनी ते डोक्यावरून वाहिले. कोणी कुरकुरले नाही.

त्या राज्याची एक रीत होती. नव्या भिंतीत गावातल्या वडील माणसाने स्वतःच्या हाताने सात ठिकाणी पहार मारून पाहायची. पहार चार बोटांहून जास्त आत गेली, तर भिंत कच्ची. नाही गेली, तर त्या माणसाने चुन्यात हात बुडवून भिंतीवर आपला पंजा उमटवायचा. पंजा दिसला की लोक निर्धास्त होत.

या भिंतीसाठी गुरुजींना बोलावले. पहिल्या तीन ठिकाणी पहार दगडावर खणखणली. चौथ्या ठिकाणी ती सांध्यातून आत गेली आणि जातच राहिली. गुरुजींनी ती ओढून काढली, तर टोकाला चिखल आणि भाताचा भुसा चिकटलेला.

भिंतीच्या कामावरचा प्रधानाचा मुकादम शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "ओल आहे गुरुजी. नवं काम आहे. वाळलं की दगडासारखं होईल."

"पण भुसा?"

"भुसा घालावाच लागतो. तुम्ही पुस्तकातली माणसं, आम्ही चिखलातली. पुस्तकात भुसा नसतो, हे खरं आहे."

आजूबाजूचे दोघे हसले. गुरुजींनी पहारेचे टोक पुसले. त्यांच्या मनात आले, पहार तिरकी तर गेली नसेल? आणि आपण नाही म्हटले, तर भिंत पुन्हा उकलावी लागेल. यंदाचे पाणी वाहून जाईल. लोक आणखी एक वर्ष कंद खातील. एवढे सगळे आपल्या एका शंकेपायी? उरलेल्या तीन ठिकाणी पहार नीट अडली. त्यांनी हात चुन्यात बुडवला.

रीतीप्रमाणे मग वडील माणसाने चार शब्द बोलायचे होते. समोर सगळे गाव होते, मधोमध प्रधान बसला होता. त्याच्या नव्या वाड्याचे जोते याच महिन्यात डोक्याइतके वर आले होते, हे गुरुजींनी येताना पाहिले होते. उघड बोलायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी ठरवले, गोष्ट सांगू. ज्याला कळायचे त्याला कळेल.

त्यांनी अमेरिका नावाच्या देशाचा इतिहास सांगितला. "तिथल्या लोकांवर परक्या राजाचा अंमल होता. त्याच्या कराला कंटाळून त्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, राजाशी लढाई केली आणि सुंदर अक्षरात लिहून काढलं की सगळी माणसं समान जन्मतात. पण ज्यांनी लिहिलं, त्यांच्यातल्या कित्येकांच्या शेतावर विकत घेतलेली माणसं साखळ्यांत राबत होती. सगळ्यांना ते दिसत होतं. शहाणी माणसं म्हणाली, आत्ता बोलायला नको, हे नवं घर मोडेल. बाहेरून घडीव आणि आतून कच्चं असं ते घर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं उभं राहिलं. मग भाऊ भावावर बंदूक घेऊन उठला आणि लाखो माणसं मेली."

सभेतला एक धनगर म्हणाला, "एवढ्या लांबचं तुम्हाला कसं हो कळतं?"

प्रधानाच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते खरे पाणी होते. तो उठला आणि त्याने गुरुजींच्या अंगावर शाल घातली. "वाईट वाटतं हो त्या लोकांचं," तो म्हणाला. "आपलं राज्य त्या मानानं किती बरं."

गुरुजी शाल सावरत भिंतीलगतच्या चौथऱ्यावरून उतरले. खाली एक कुंभारीण त्यांची वाट पाहत उभी होती. तिचे घर आणि भट्टी भिंतीच्या अगदी पायथ्याशी होती, कारण माती तिथेच चांगली मिळायची.

"गुरुजी, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "माझी सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय. तिला टेकडीवर माझ्या बहिणीकडे न्यायची, तर खाट उचलायला चार माणसं लागतात. आज गाव जमलंय, तर मिळतील. उद्यापासून सगळे शेतात. नेऊ का?"

"मी आत्ता जी गोष्ट सांगितली, ती तू ऐकलीस ना?"

"ऐकली. त्या साखळीतल्या माणसांचं ऐकून कसंतरी झालं. पण म्हातारीला नेऊ का?"

गुरुजींनी मागे वळून पाहिले. मुकादम दहा पावलांवर सुपारी कातरत होता.

"माणसाने सावध असावे," ते म्हणाले.

"सावध म्हणजे नेऊ?"

"तसे अगदी म्हणता येणार नाही."

"म्हणजे नको?"

"तसेही नाही. भिंत नवी आहे. नव्या गोष्टीविषयी..."

कुंभारणीने भिंतीकडे बोट दाखवले. "तो पंजा तुमचाच ना?"

"माझाच."

"मग झालं. म्हातारीला हलवलं की तिची हाडं दुखतात, रडते बिचारी. राहू दे घरीच." आणि ती हलक्या मनाने निघून गेली.

गुरुजींनी तिला हाक मारायला तोंड उघडले. पण ती वळणापर्यंत गेली होती, आणि आपण हाक मारून नेमके काय सांगणार, हे त्यांचे ठरले नव्हते.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. दरी भरत गेली. लोक कडेला उभे राहून पाण्याकडे नुसते पाहत बसत. एकविसाव्या दिवशी, भर दुपारी, भिंत चौथ्या जागी फुटली. माणसे शेतात होती, म्हणून वाचली. पायथ्याच्या घरात एकटी म्हातारी होती. ती खाटेसकट वाहून गेली.

गुरुजी त्याच दिवशी राजाकडे गेले. या वेळी त्यांनी कुठल्याही देशाचे नाव घेतले नाही. "महाराज, भिंतीतले दगड प्रधानाच्या वाड्यात आहेत," ते म्हणाले. शोध झाला. वाड्याच्या जोत्यात लोकांच्या ओट्यांचे दगड सापडले. काहींवर अजून पोरांनी आखलेले खेळाचे पट होते. प्रधान तुरुंगात गेला, वाडा पाडला गेला.

राजाने विचारले, "तुम्हाला हे केव्हा कळले?"

"पंजा उमटवण्याआधी. मलाही शिक्षा द्या."

"शिक्षा घेऊन मोकळे व्हायचे आहे तुम्हाला," राजा म्हणाला. "ती मी देणार नाही. घरी जा."

घरी जाण्याआधी गुरुजी कुंभारणीकडे गेले. ती टेकडीवर बहिणीच्या दारात बसून माती मळत होती. तिने वर पाहिले, पण हात थांबवले नाहीत.

"बाई, मी खोटे बोललो नाही," गुरुजी म्हणाले. "मला खात्री नव्हती. भिंत पडेलच, असे कसे सांगणार होतो मी? कदाचित टिकलीही असती."

कुंभारीण शांतपणे म्हणाली, "मी तुमच्याकडे खात्री कुठं मागितली होती, गुरुजी? खात्री नाही, एवढंच म्हणाला असता, तरी मी तिला उचलून नेलं असतं."

गुरुजींनी वाचलेल्या एकाही इतिहासात हे वाक्य नव्हते. ते खूप वर्षे जगले, पण त्यानंतर सभेत कधी बोलले नाहीत. कोणी काही विचारले, तर जेवढे ठाऊक असे तेवढे सांगत, आणि जे ठाऊक नसे तेही तितक्याच स्पष्टपणे सांगत. लोक म्हणत, आता गुरुजी शहाणे झाले. ते ऐकून त्यांना बरे वाटत नसे.

तात्पर्य: शहाण्याने आपली शंका वेळेवर आणि सरळ शब्दांत सांगितली नाही, तर चोराच्या पापात त्याचाही वाटा पडतो.