म्हशीमागची रांग

फार पूर्वीची नव्हे, डोंगरावर मोटारी पोहोचल्या तेव्हाची गोष्ट. एका गावात एक म्हैसवाली बाई राहायची. गावाच्या माथ्यावर सडा होता, म्हणजे कातळाचं मोठं पठार. त्यावरची माती भाकरीच्या पापुद्र्याएवढी पातळ. पण भादव्यात त्या एवढ्याशा मातीतून इतकी फुलं उठायची, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

फुलांची कीर्ती शहरात गेली नि पाहुण्यांची रीघ लागली. म्हैसवाली त्यांना ताक विकायची, तिचं बरं चाललं होतं. पण पाहुणे फुलांत बसायचे, कुणी तर लोळायचे, आणि लोळले तिथे पुढच्या वर्षी नुसता कातळ उघडा पडायचा.

सरपंच तापट. त्यांनी सड्याला चहूबाजूंनी तारेचं कुंपण घातलं. माणूस आत नको, जनावरही नको. म्हशीने काय केलं होतं? पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं.

दोन भादवे गेले. चरायला जनावर नाही, म्हणून गवत कमरेएवढं माजलं आणि त्याखाली फुलं गुदमरली. पाहुणे यायचे थांबले. म्हशीला चारा नाही, ताकाला गिऱ्हाईक नाही. पारडी असल्यापासून वाढवलेली ती म्हैस विकायची वेळ आली.

कुंपणाच्या कडेने चारा शोधताना तिला एक गोष्ट दिसली. तारेबाहेरच्या चिंचोळ्या पट्टीत, जिथलं गवत म्हैस खाऊन गेली होती, तिथे फुलं पहिल्यासारखी दाटली होती. तिने हे ग्रामसभेत सांगितलं. सरपंच म्हणाले, कुंपण काढलं की लोक पुन्हा लोळायला येतील. त्यात खोटं काही नव्हतं.

बाई म्हणाली, "पावना घरी आला तर आपण त्याला सोप्यात बसवतो, देवघरात लोळू देत न्हाई. पण म्हणून कुणी दाराला कुलूप घालतंय का?"

"सड्याला सोपा कुठनं आणायचा?" सरपंचांनी विचारलं.

"म्हशीची वाट हाय की. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी एकामागं एक तिथनंच जात्यात. पावन्यानं तिच्या मागनं जावं, मागनंच यावं."

सभेत हशा पिकला. तरी सरपंचांनी एका भादव्याची मुदत दिली. फुलं तुडवली गेली, तर कुंपण कायमचं.

तारा निघाल्या, म्हशी चरल्या, फुलं आली. पहिल्याच दिवशी मोटारभर मंडळी उतरली. त्यांना फुलांत मधोमध बसून फोटो हवे होते. तसं बसू दिलं तर सगळं ताक घेतो म्हणाले. घरात मिठाचीही अडचण होती. बाई जराशी घुटमळली.

"ताक घ्या नायतर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "बसायचं ते वाटंवरच."

निम्मे रागावून परत गेले. उरलेले म्हशीमागे रांगेने निघाले. त्यात एक शेठजी होते. म्हैस फार हळू चालते, म्हणून ते सारखे कुरकुरत होते. मध्येच म्हैस थांबली. शेठजींनाही थांबावं लागलं. दुसरं काही करता येईना, म्हणून त्यांनी खाली बघितलं. वाटेच्या कडेला मोहरीएवढं निळं फूल होतं, आत पिवळा ठिपका. ते तिथेच उकिडवे बसले. म्हैस पुढे निघाली तरी उठेनात.

"बाई," ते म्हणाले, "तुमची म्हैस फार घाई करते हो."

कुंपण पुन्हा लागलं नाही. म्हैस बाईच्याच गोठ्यात राहिली.

तात्पर्य: पाहुण्याला दार लावू नये आणि देवघरही मोकळं सोडू नये, त्याला वाट दाखवावी.