राजाच्या वतीने पाळलेलं शील

राजा भद्रायुधाला पंचशील घ्यायचं होतं, पाळायचं मात्र नव्हतं!

झालं असं, की डोंगरातल्या लेण्यात राहणारे वृद्ध भंते त्याला म्हणाले, "महाराज, जगात दुःख आहे, आणि तृष्णा हे त्याचं मूळ आहे."

"मला कसली आलीय तृष्णा?" राजा म्हणाला. "मला हवं ते लगेच मिळतं!"

भंते म्हणाले, "निदान पाच शीलांपासून सुरुवात करा. हत्या नको, न दिलेलं घेणं नको, व्यभिचार नको, खोटं नको, मद्य नको."

राजाने तडक पाच नोकर नेमले. एकेकाने एकेक शील महाराजांच्या वतीने महिनाभर पाळायचं, पुण्य महाराजांना! आणि ज्याच्या हातून मोडेल तो हद्दपार!

हत्या न करण्याचं शील आचाऱ्याला मिळालं. तो दुधी चिरत बसला आणि राजा शिकारीला गेला. खोटं न बोलण्याचं राजकवीला मिळालं. बिचाऱ्याची वाचाच बसली. मद्याचं पाणी वाहणाऱ्या पखालवाल्याकडे गेलं, व्यभिचाराचं नव्वदीच्या द्वारपालाकडे. त्याला काही फरक पडला नाही.

न दिलेलं न घेण्याचं शील आलं सामाच्या वाट्याला. सामा राजवाड्यात दळण दळायची. घरात सहा महिन्यांची पोर. जिच्या दुधावर ती वाढत होती, ती गाय कारभाऱ्याने परवाच दावणीतून ओढून नेलेली. का, तर महाराजांना खीर आवडते!

पहिल्याच सकाळी जात्याशी बसताना सामाने विचारलं, "कारभारी, हे गहू कुणी दिले हो?"

"दिले? उचलून आणलेत, नेहमीसारखे! दळ मुकाट्याने!"

सामाने मूठ सोडली. या वाड्यात बोट ठेवावं तिथे न दिलेलं! हात लावला तर शील मोडणार, नाही लावला तर दळण राहिलं म्हणून कारभारी हाकलणार. म्हणजे दोन्हीकडून हद्दपारी. तान्ह्या पोरीला घेऊन जायचं कुठे? तिने पुष्कळ विचार केला, म्हणजे पोरगी रडायची थांबेपर्यंत. तेवढाच वेळ मिळतो. मग ती उठली आणि गावात निरोप धाडला, "ज्याचं त्याने घेऊन जावं. महाराजांच्या वतीने!"

या दोन शब्दांवर आजवर गाड्या भरून आत येत होत्या, आता भरून बाहेर जाऊ लागल्या. पहारेकऱ्यांना काय, शब्द तेच!

महिना भरला त्या पौर्णिमेला शिकारीहून परतलेल्या राजाने भंतेंना मोठ्या थाटात जेवायला बोलावलं, आपलं पुण्य दाखवायला. पाहतो तर कोठारात गहू नाहीत, गोठ्यात गाय नाही, ताटात खीर नाही!

"कुणाच्या हुकमाने?" राजा गरजला.

"तुमच्याच, महाराज," सामा म्हणाली. कडेवरची पोर तिचे केस ओढत होती. "शील तुमचं, पाळणारी मी. घेतलेलं घरात ठेवून ते कसं पाळू?"

"मी असं सांगितलंच नव्हतं! हे माझ्या वतीने नव्हे!"

"नव्हे? भंते, ऐकलंत ना? म्हणजे महिनाभर महाराजांचं हे शील कुणी पाळलंच नाही, मोडलं तेवढं! आणि मोडेल तो हद्दपार, हा हुकूमही त्यांचाच."

राजा चपापला. "बरं, बरं! माझ्या वतीने समज!"

"मग गहू आणि गाय तुम्हीच परत केलीत. आता पुन्हा ओढून आणलंत, तर शील मोडणार कोण?"

दरबारी छताकडे बघू लागले. तेवढ्यात राजकवीला महिन्याने वाचा फुटली. "महाराज, बाई खरं बोलतेय!"

राजाने भंतेंकडे पाहिलं. भंते म्हणाले, "आम्ही फक्त वाट दाखवतो, महाराज. चालायला भाड्याचे पाय मिळत नाहीत."

राजाने एकदा रिकाम्या ताटाकडे पाहिलं, एकदा सामाकडे, आणि तो पोट धरधरून हसला. हसताना ते पोट चांगलंच हललं.

"सामा, आजपासून तू राजवाड्याच्या दारात बसायचंस! 'हे कुणी दिलं?' असं विचारल्याशिवाय एक दाणा आत येता कामा नये! दळण बंद, आणि पोरीच्या गाईला चारा माझ्या स्वतःच्या कुरणातला!"

"बसते. पण पाळणा दारातच टांगावा लागेल."

"टांगा!"

"आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत असताना झोका कोण देणार?"

राजाने हसत हसत कारभाऱ्याकडे बोट दाखवलं. "हा देईल. माझ्या वतीने!"